भाचीचा नारळ आणि माझं नाक

रामनगरात माझी भाताची गिरणी आहे आणि मला धुळीची ॲलर्जी आहे. ही दोन वाक्यं मी डॉक्टरांना एका दमात सांगितली तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांनी माफी मागितली. त्यांना माफी मागावी लागली म्हणून मलाच ओशाळल्यासारखं झालं. माझं हे असं आहे. बसमध्ये दुसऱ्याच्या पायावर माझा पाय पडला तर मी माफी मागतोच, पण माझ्या पायावर त्याचा पडला तरी मीच मागतो, कारण माझा पाय तिथे नसता तर त्याचा पडला नसता.

सुगी संपली की गिरणी सुरू होते आणि गिरणीबरोबर माझं नाक. तूस, कोंडा, पोत्यांतली जुनी धूळ, ओल लागलेल्या धान्याची बुरशी, सगळं मिळून नाकात जातं आणि मी शिंकत सुटतो. घरच्यांना त्याची सवय झाली आहे, पण सवय झाली म्हणून सोय झाली असं नाही. कारण आमच्या भागात शिंक अजून पाळतात. कामाला निघताना कुणी एकदा शिंकलं की थांबायचं, बसायचं, गुळाचा खडा खाऊन पाणी प्यायचं. दोनदा शिंकलं तर मात्र खुशाल निघायचं, दुसरी शिंक पहिलीचा दोष काढते. तिसरी आली की पुन्हा बसायचं. आमची तरुण मुलं याला हसतात, पण हसून झाल्यावर तीही बसतात. माझी बायको बाजाराला निघताना पायात चपला घालून दारात उभी राहते आणि विचारते, "झालं काय तुमचं? का अजून एक हाय?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण माझ्या नाकाने माझ्या भाचीचं लग्न अडवलं.

माझी धाकटी बहीण अणशीजवळच्या एका गावात दिली आहे. तिला एकच मुलगी. ती औषधनिर्माणाची पदविका घेऊन जोयड्यात एका मेडिकलच्या दुकानात काम करते. कॅसलरॉकचा एक मुलगा, रेल्वेत रुळांच्या कामावर असलेला, तिच्या दुकानात आपल्या अज्जीसाठी खोकल्याचं औषध घ्यायला यायचा. कॅसलरॉकहून जोयड्याला खोकल्याच्या औषधासाठी कुणी येत नाही. हा मात्र पुन्हा पुन्हा यायचा. पुढे कळलं की अज्जीला खोकला नव्हताच. घरात औषधाच्या बाटल्या वाढायला लागल्या तेव्हा अज्जीनेच त्याला कोपऱ्यात घेतलं आणि मुलीची चौकशी केली.

दोन्ही घरांना पसंत होतं. राहिला होता तो नारळ. आमच्यात बोलणी पक्की झाली की मुलीचा मामा उठतो आणि विड्याच्या पानांसकट नारळ मुलाकडच्या सर्वांत मोठ्या माणसाच्या हातात ठेवतो. मग शब्द दिला असं धरतात. बापाच्या हातचा नारळ त्यासाठी चालत नाही. मामाचाच हात लागतो. आणि माझ्या बहिणीला भाऊ म्हणून मी एकटाच.

मुलाकडचे जीप करून आले. मी येणार म्हणून बहिणीने घर दोनदा झाडलं होतं, म्हणजे घरातली सगळी धूळ तिने बरोबर हवेत आणून ठेवली होती. मी उठलो, नारळ हातात घेतला, अज्जीसमोर दोन पावलं गेलो आणि शिंकलो.

एकदाच.

सगळे थांबले. कुणी वाईट वाटून घेतलं नाही, कारण माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती. सगळे दुसऱ्या शिंकेची वाट बघत होते. एरवी माझ्या शिंका गुरं सुटल्यासारख्या एकीमागून एक येतात. त्या दिवशी एक आली आणि वाट बंद झाली. मी डोळे वर करून उन्हाकडे बघितलं. नारळाची शेंडी नाकाशी नेली. मेहुणे पुढे वाकून माझ्या नाकपुड्यांत बघायला लागले, विहिरीत पडलेली कळशी दिसते का बघावं तसे. दाराआडून बहीण कुजबुजली, "अण्णा, एकच! एकच अजून काढ की रे!"

"येत नाही गं," मी म्हणालो.

अज्जी उठली. रागावली नव्हती. तिने नऊवारीचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आज न्हाई. उळवीची जत्रा झाली की परत येतो. पर पाव्हणं, तवा बी आडवी शिंक आली, तर देवाच्याच मनात न्हाई म्हणायचं आन् सोडून द्यायचं."

जीप गेली. भाची आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मी तिच्या दाराशी उभा राहून माफी मागितली. मग दाराला उद्देशून पुन्हा मागितली, कारण ती आत आहे का मागच्या अंगणात गेली आहे हे मला नक्की माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती गिरणीत आली. तोंडाला ओढणी बांधून कोंड्याच्या ढगात उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आजपासून तुझं नाक माझ्या ताब्यात. चल."

दांडेलीतल्या डॉक्टरांकडे तिने मला नेलं ते असं. हसून आणि माफी मागून झाल्यावर त्यांनी नाकात बत्ती मारून बघितलं आणि समजावून सांगितलं. नाकाच्या आतल्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांना मास्ट पेशी म्हणतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचा पदार्थ भरलेला असतो. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या नाकात धूळ गेली की या पेशी तिला शत्रू समजतात आणि फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. ते आजूबाजूच्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना जाऊन लागतं. मग खाज, पाणी, शिंका. धूळ खरं तर काहीच करत नाही. करतं ते आपलंच शरीर, उगाच घाबरून.

उगाच घाबरून हे शब्द मला फार लागले. मी म्हणालो, "डॉक्टर, माझा स्वभावच तसा आहे."

"स्वभावाचा काही संबंध नाही," ते म्हणाले. पण मला तो आहे असं अजून वाटतं.

औषधं दोन प्रकारची. ती मी डॉक्टरांकडून ऐकली आणि परत येताना बसमध्ये माझ्या पद्धतीने लावून घेतली. कोंड्याने भरलेली पोती गिरणीत उघडी उभी आहेत असं समजा. जरा धक्का लागला की कोंडा उडतो आणि खिडक्यांतून शेजाऱ्यांच्या घरात जातो. एक औषध शेजारच्या घरांच्या खिडक्या लावून घेतं. कोंडा उडाला तरी आत शिरत नाही. ती गोळी, अँटिहिस्टामिन. हिस्टामिन जिथे जाऊन बसतं ती जागा ही गोळी आधीच धरून ठेवते. ती तासा-दोन तासांत लागू पडते. दुसरं औषध पोत्यांची तोंडंच दाभणाने शिवून टाकतं. धक्का लागला तरी कोंडा बाहेर येत नाही. ते म्हणजे नाकात मारायचा फवारा. मास्ट पेशींना शांत धरून ठेवणारं औषध म्हणतात त्याला. पण शिवायला वेळ लागतो. ऐन वेळी मारून उपयोग नाही. दोन-तीन आठवडे आधीपासून, दिवसातून चार वेळा, न चुकता मारायचा.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "परीक्षेत असं लिहिलं असतं तर मला नापास केलं असतं. पर बरोबर हाय."

फवारा आमच्याकडे मिळेना. तिने तो बेळगावहून मागवला. मी फोनवर गजर लावून फवारा मारायला लागलो. गजर वाजला की गिरणी थांबवायची, मान वाकवायची, डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी. हमाल पोती खाली ठेवून बघत उभे राहायचे. एक म्हणाला, "मालक, नाकाला वंगण घालालाय काय?" मी त्याला मास्ट पेशी समजावून सांगितल्या. दुसऱ्या दिवशीपासून गजर वाजला की तोच ओरडायचा, "थांबवा रे मशीन, पोती शिवायची वेळ झाली!"

पहिला आठवडाभर काहीच फरक पडला नाही. मी भाचीला फोन करून सांगितलं की औषध चांगलंच असणार, मीच त्याच्या लायकीचा नाही.

"मामा, त्या औषधाचं कामच असलं हाय," ती म्हणाली. "ते काय करत न्हाई, हुईत असतंय ते हू देत न्हाई. मग दिसणार कसं? तू मारत राहा. आन् रडू नको."

मी रडत नव्हतो, नाक वाहत होतं. पण तेही हळूहळू कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी गिरणीचा पट्टा चढवला, तूस उडालं आणि मी नुसता उभा राहिलो. काही झालं नाही. घरी बायको म्हणाली, "घर कसं सुनं सुनं वाटालंय." त्याबद्दलही मला वाईट वाटलं.

उळवीची जत्रा झाली. अज्जीचा निरोप आला.

त्या दिवशी मी सकाळीच फवारा मारला. भाचीने आदल्या दिवशी एक गोळी हातात दिली होती. "ही नवीन जातीची हाय, झोप येत न्हाई. सकाळी एक घे. फक्त एक. बाकी कुणी काय दिलं तर घ्यायचं न्हाई. ऐकलास?"

मी ऐकलं होतं. पण निघताना बायकोने पदराच्या गाठीतून एक गोळी काढली. आमच्याकडे सर्दीची म्हणून वर्षानुवर्षं घेतात ती जुन्या जातीची. "असू दे," ती म्हणाली. "माझ्या जिवाला बरं." तिच्या जिवासाठी मी ती घेतली. बहिणीच्या घरी पोचलो तर बहिणीने चहाच्या कपाबरोबर बशीत तशीच एक गोळी ठेवली. मागच्या वेळी मी तिच्या दारात काय केलं होतं ते मला आठवलं, आणि मी तीही घेतली. मग मेहुण्यांनी मला गोठ्यामागे नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून तीच गोळी काढून म्हणाले, "अण्णा, बायकांना सांगू नका."

ज्याच्या मुलीचं लग्न माझ्यामुळे अडलं होतं त्या माणसाला मी नाही कसं म्हणणार? पण हे कुणी करू नये. भाचीने नंतर मला याबद्दल जे सुनावलं ते सगळं खरं होतं. औषधं अशी एकावर एक घेणं म्हणजे धोका आहे आणि मी थोडक्यात सुटलो. जुन्या जातीची गोळी मेंदूतही शिरते. आणि मेंदूत हेच हिस्टामिन माणसाला जागं ठेवायचं काम करतं.

हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. जीप आली, हातपाय धुऊन मंडळी जाजमावर बसली, मी मांडीवर नारळ घेऊन बसलो. नाक इतकं शांत होतं की ते आहे का हे मी हात लावून बघितलं. अज्जी पावसाबद्दल काहीतरी विचारत होती. मी उत्तर देत होतो असं मला वाटतं. सगळ्यांच्या कडा मऊ व्हायला लागल्या होत्या. नारळ मांडीवर बाळासारखा ऊबदार वाटत होता.

मला जाग आली ती वड्यांच्या वासाने. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि माझ्या खांद्यावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. जाजम रिकामं होतं. मांडीवर नारळ नव्हता. मोडलं, या वेळेला शिंकेविना मोडलं, असं म्हणत मी धडपडत पडवीत गेलो आणि हात जोडून म्हणालो, "माफ करा! माझ्यामुळे झालं!"

पडवीत पंगत बसली होती. मुलाकडचे सगळे पानावर होते. अज्जीच्या हातात वडा होता. आणि भाची कपाळभर कुंकू लावून, ओटी भरलेल्या पदराने वाढत होती.

"तुमच्यामुळंच झालं की," मेहुणे म्हणाले. "बसा, जेवा."

काय झालं ते त्यांनी मला जेवताना सांगितलं. नारळ द्यायची वेळ झाली आणि मी घोरायला लागलो. सगळ्यांनी अज्जीकडे बघितलं. अज्जीने बराच विचार केला आणि आपल्या दिराला विचारलं, "घोरण्याचं काय असतंय?" त्याला माहीत नव्हतं. मुलाचा काका म्हणाला की मोजून बघूया, सम का विषम. त्याने मोजायला सुरुवातही केली, पण कुठे एक घोरणं संपतं आणि दुसरं सुरू होतं हे त्याला कळेना. मेहुणे मध्येच म्हणाले, "तसं नाकातलंच हाय ते बी," आणि बहिणीने दाराआडून त्यांना असा चिमटा काढला की त्याची खूण त्यांनी मला पानावरच बाही वर करून दाखवली.

शेवटी अज्जी म्हणाली, "शिंकेचं ठावं हाय. मांजर आडवं गेल्याचं ठावं हाय. घोरण्याचं मी तर काय ऐकलं न्हाई बा. मग थांबायचं कशाला?"

तेव्हा भाची स्वतः बाहेर आली. तिने माझा हात उचलला, नारळाखाली ठेवला आणि हातासकट नारळ अज्जीपुढे केला. पण मी नारळ सोडेना. झोपेत मी तो पोटाशी ओढून धरला. मुलगा आणि मेहुणे दोघांनी मिळून माझं एकेक बोट सोडवलं. अज्जीला ते फार आवडलं म्हणे. "बघा," ती म्हणाली, "पोरीवर किती जीव हाय मामाचा. झोपेत बी सोडवंना."

सगळे खूश होते. मी मात्र नव्हतो. घरी आल्यावर माझ्या मनाने घेतलं की झोपेत दिलेला शब्द हा शब्द नव्हे. शिवाय अज्जीने देवाच्या मनात काय आहे ते शिंकेवरून बघायचं ठरवलं होतं, आणि मी तर शिंकेचं तोंडच शिवून गेलो होतो. उद्या या पोरीच्या संसारात काही कमीजास्त झालं तर? मी भाचीला विचारलं, जाऊन खरं सांगू का?

"मामा," ती म्हणाली, "तुझ्या पाया पडते. गप्प बस."

मी चार दिवस गप्प बसलो. मग लोंढ्याला जाऊन गाडीत बसलो आणि कॅसलरॉकला उतरलो. मी काय पणाला लावतोय हे मला कळत होतं. गाडी दाट झाडीत शिरली की मी ठरवायचो की परत फिरायचं, आणि झाडीतून बाहेर आल्यावर उजेडात मला लाज वाटायची.

अज्जी ओसरीवर सुपाऱ्या कातरत बसली होती. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. फवारा, पोती, खिडक्या, गोठ्यामागची गोळी, सगळं. "तुम्ही म्हणाला होता देवाच्या मनात काय ते बघू. मी देवाला बोलूच दिलं नाही."

तिने अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे शिंक औषधानं थांबती?"

"हो."

"मग पयली आली व्हती ती कुणाची? देवाची का धुळीची?"

मला खोटं बोलता येत नाही. "धुळीची," मी म्हणालो.

अज्जीने अडकित्ता उचलला आणि एक सुपारी कातरली. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "माझा नवरा तपकीर वडायचा."

"हो का?"

"मी घरातनं निघाली की शिंकायचा. मी बसायची. गूळ खायची, पाणी प्यायची. तवर गाडी जायची. भाऊबीजेला किती डाव म्हायेरला जायचं ऱ्हाऊन गेलं माझं, मोजदाद न्हाई. त्या बी शिंका असल्याच व्हय?"

"त्या... तपकिरीच्या," मी म्हणालो. "त्या तर ॲलर्जीच्याही नव्हेत. पण त्याबद्दल मला फार वाईट वाटतं."

"तुमी कशाला वाईट वाटून घेतासा? तुमी काय केलासा त्यात?" ती कडाडली. मग आत बघून तिने हाक मारली, "अगं, चहा आण. आन् ह्यांच्या भिंतीवरच्या फोटुचा हार काढ आज, सुकलाय. नवा नंतर घालू, मला वाटलं म्हंजे."

तिच्या गेलेल्या नवऱ्यावर अशी वेळ माझ्यामुळे आली. पण मी त्याची माफी मागायच्या आत ती माझ्याकडे वळली.

"नारळ दिला तो दिला. हात तुमचाच व्हता, मी बघितलाय. पर पाव्हणं, लगीन वैशाखात हाय. पोरीच्या मागं मामा उभा लागतोय. झोपलेला मामा उभा कसा करायचा, खुंटीला टांगून? ती झोपेची गोळी न्हाई घ्यायची. ते शिवायचं औषध घ्या."

"त्याला आधीपासून सुरुवात करावी लागते," मी म्हणालो.

"मग हितं बसून काय करालाय?"

स्टेशनवर रेंज नव्हती. लोंढ्याला उतरल्यावर मी भाचीला फोन लावला आणि सांगितलं की मी कॅसलरॉकला जाऊन आलो. पलीकडे तिने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"काय म्हणाली अज्जी?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"वैशाख म्हणाली."

ती रडली का हसली ते मला कळलं नाही, गाडीची शिट्टी झाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि दुकानातला तिचा नेहमीचा आवाज.

"फवारा किती उरलाय?"

मी खिशातली बाटली काढून उजेडात धरली. "अर्ध्याच्या खाली आहे."

"उद्या जोयड्याला ये," ती म्हणाली. "आन् मामीला संगट आण. तिच्या पदराची गाठ मीच सोडून बघणार हाय."